मिनिमम ड्यू

आज शनिवार. बायको लेकीला घेऊन बागेत गेलीय, म्हणजे घरात तास-दीड तास शांतता आहे. खरं तर या आठवड्यात भलतंच काहीतरी लिहायचं होतं. पण गुरुवारी ऑफिसखालच्या टपरीवर आमच्या टीममधला एक मुलगा चहा पिता पिता म्हणाला, "कार्डाचं बिल जरा वाढलंय, पण मिनिमम भरतोय ना दर महिन्याला. कधी चुकवलं नाही." इतक्या समाधानाने म्हणाला की मला कटिंग घशाखाली जाईना. हेच वाक्य मी दीड-दोन वर्षं म्हणत होतो. फक्त मोठ्याने नाही, मनातल्या मनात.

तर आमची गोष्ट अशी. २०२१ मध्ये वाकडला फ्लॅट बुक केला. ताबा २०२२ च्या दिवाळीत मिळणार होता, तो मिळाला पुढच्या उन्हाळ्यात. तोपर्यंत घरभाडंही चालू आणि कर्जाचं व्याजही चालू. त्यातच लेक झाली आणि बायकोने वर्षभर नोकरी सोडली. मग घर लावायचं म्हणून किचन ट्रॉल्या, इन्व्हर्टर, एसी... सगळं कार्डावर. युरोप टूर वगैरे काही नाही हो, उगाच अपेक्षा वाढवू नका. एकाचं लिमिट भरलं की दुसरं, दुसऱ्याचं भरलं की तिसरं. स्टेटमेंट माझ्या मेलवर यायचं आणि मी ते 'नंतर वाचू' म्हणून बाजूला टाकायचो. पगारातून मिनिमम ड्यू जात होताच.

जून २०२३. सुपरमार्केटमध्ये तेवीसशेचं बिल. पहिलं कार्ड डिक्लाइन, दुसरं डिक्लाइन. तिसरं काढेपर्यंत काउंटरवरचा पोरगा माझ्याकडे इतक्या सहानुभूतीने बघत होता की त्यापेक्षा हसला असता तर बरं वाटलं असतं. बायकोने मुकाट्याने यूपीआयने पैसे दिले. गाडीत भूमकर चौकाच्या सिग्नलपर्यंत ती गप्प होती. मग म्हणाली, "किती आहे रे?"

"दीडेक लाख असेल."

हे खोटं होतं. रात्री दोन वाजता तिला उठवलं आणि खरं सांगितलं. चार लाख ब्याऐंशी हजार.

ती रडली नाही, ओरडली नाही. म्हणाली, "लॅपटॉप आण." (ती क्यूएमध्ये आहे. माझे बग शोधणं तिला नवं नाही.) राग दुसऱ्या दिवशी आला आणि चांगला महिनाभर राहिला, पण त्याबद्दल इथे लिहायची मला परवानगी नाही.

त्या रात्री आम्ही पहिल्यांदा शीट केली. दोन लाख दहा हजार ३.५ टक्क्यांनी, एक लाख चौसष्ट हजार ३.४ ने, एक लाख आठ हजार ३.६ ने. हे दर महिन्याचे बरं का, वर्षाचे नव्हे! महिन्याचं व्याज १६,८१४ रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी, ३,०२६. म्हणजे १९,८४०. आणि मी मिनिमम म्हणून भरत होतो साधारण पाच टक्के, २४,१००. म्हणजे चोवीस हजारांतून मुद्दल कमी व्हायचं सव्वाचार हजार! बायकोने शीट खाली ओढत नेली. पुढे एक रुपयाचीही खरेदी केली नाही आणि नुसता मिनिमम भरत राहिलो, तर रक्कम निम्मी व्हायला साडेसहा वर्षं. शिवाय खरेदी थांबलेली नव्हतीच. बाकी शिल्लक असताना नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही, दुधाच्या पिशवीवरही पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. मी इंजिनिअर, चक्रवाढ व्याज सातवीत शिकलेला माणूस, आणि हा गुणाकार दोन वर्षांत एकदाही केला नव्हता.

(कोणी म्हणेल, इतकं व्याज कायद्यात बसतं का? २००८ मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगाने ३० टक्क्यांवरचं व्याज अनुचित ठरवलं होतं. डिसेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो निकाल रद्द केला. तेव्हा त्या आशेवर बसू नका.)

मग पर्याय शोधायला लागलो. पर्सनल लोन हा सगळ्यांना पहिला सुचतो. पण तिन्ही कार्डं काठोकाठ भरलेली, त्यामुळे माझा सिबिल स्कोअर आधीच घसरलेला. एका बँकेने नाही म्हटलं, दुसरीने १८ टक्के सांगितले. तरी ते ४२ पेक्षा कितीतरी बरे, आणि स्कोअर शाबूत असतानाच गेलो असतो तर आणखी कमीत मिळालं असतं. ज्याची वेळ अजून गेलेली नाही त्याने हे आधी करावं. मोबाइलवरच्या 'पाच मिनिटांत कर्ज' वाल्यांकडे मात्र बायकोने बघूही दिलं नाही. कार्डाची बाकी हप्त्यांत बदलून द्यायला कार्डवाली बँक स्वतःच तयार होती, महिना दीड टक्क्याने, वर प्रोसेसिंग फी.

आणि मग ती मला म्हणाली, "आपली एफडी आहे ना, एक लाख वीस हजारांची?"

"ती लेकीसाठी ठेवलीय."

"तिच्यासाठी सात टक्के मिळवतोय आणि तिच्याच बापासाठी बेचाळीस टक्के भरतोय!"

एफडी सोमवारी मोडली. ३.६ वालं कार्ड पूर्ण फिटलं, उरलेले बारा हजार पुढच्या कार्डावर. सगळ्यात महाग कर्ज आधी, हे त्या शीटचंच गणित.

खरी अडचण पुढे होती. बायको म्हणाली, सोनं. तिच्या बांगड्या दोन तोळ्यांच्या, ते पुरणार नव्हतं. आईच्या पाटल्या चार तोळ्यांच्या. आई कराडला एकटी असते. पोरगा पुण्यात आयटीत आहे, स्वतःचा फ्लॅट आहे, हे गल्लीत सांगताना तिचा आवाज बदलतो. तिला काय सांगणार? तीन रविवार मी फोन करायचो आणि पावसापाण्याचं बोलून ठेवून द्यायचो. तीन रविवार म्हणजे व्याजात साधारण दहा हजार रुपये. लाजेची किंमत इतकी अचूक काढता येते हे मला तेव्हा कळलं.

शेवटी कराडला गेलो आणि स्वयंपाकघरात पाटावर बसून सांगितलं. ती भाकरी थापत होती, थांबली नाही. तवा उतरवल्यावर म्हणाली, "इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाची तुझी फी कुठून आली वाटतं तुला? ह्याच गेल्या होत्या, सावकाराकडे. बाबांनी तुला सांगायचं नाही म्हणून सांगितलेलं." मग हात धुऊन, साबण लावून पाटल्या उतरवायला बसली. सांधे सुजलेत तिचे, निघता निघेनात. मी मदत करायला गेलो तर हात झटकला.

सहा तोळ्यांवर सरकारी बँकेने दोन लाख चाळीस हजार दिले, साडेनऊ टक्क्यांनी. महिन्याचं व्याज १,९००. तेवढीच रक्कम कार्डावर असती तर जीएसटीसकट ९,९०० च्या वर. (कर्जाच्या व्याजावर जीएसटी नाही, कार्डाच्या व्याजावर आहे, हेही तेव्हाच समजलं.) दुसरं कार्ड फिटलं, पहिल्यावर उरले एक लाख बावीस हजार, ते वर्षभराच्या हप्त्यांत बदलून घेतले. साडेअकरा हजारांचा हप्ता, बाकी सगळं सोन्याच्या कर्जात. दरमहा तेच २४,१००, जे आधी मिनिमम म्हणून जात होते. एक रुपया जास्त नाही. डिसेंबर २०२४ मध्ये सगळं संपलं.

पण आमच्याकडे एफडी होती, सोनं होतं, नोकरी होती. माझ्या एका मित्राकडे यातलं काहीच उरलं नव्हतं. २०२३ च्या ले-ऑफमध्ये नोकरी गेली आणि सात लाख बाकी. त्याला नाइलाजाने सेटलमेंट करावी लागली. बँक थोडी रक्कम सोडते, पण सिबिलमध्ये 'सेटल्ड' असा शेरा बसतो आणि पुढे वर्षानुवर्षं गृहकर्ज मागताना आडवा येतो. त्याने दोन गोष्टी शहाणपणाने केल्या. बँकेकडून लेखी पत्र हातात आल्याशिवाय पैसे भरले नाहीत, आणि 'फी द्या, कर्ज माफ करून देतो' म्हणणाऱ्या एजंटांना दारात उभं केलं नाही. अशा जाहिरातींपासून डिसेंबर २०२३ मध्ये खुद्द रिझर्व्ह बँकेने सावध केलं होतं. वसुलीवाले त्याला रात्री नऊला फोन करायचे. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीचा फोन करायचा नाही, असा रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा आदेश आहे. त्याने बँकेला लेखी तक्रार केली, फोन थांबले. बँकेने तीस दिवसांत दाद दिली नाही तर लोकपालाकडे जाता येतं, फी लागत नाही. रीतसर दिवाळखोरी वगैरे अमेरिकेतल्या मित्रांकडून ऐकतो. आपल्याकडे २०१६ च्या दिवाळखोरी कायद्यात साध्या कर्जदारांचा भाग आहे, पण तो अजून लागूच झालेला नाही.

असो. सोन्याचं कर्ज फिटलं तेव्हा आईला मुद्दाम पुण्याला आणलं. काउंटरवर पाकीट फोडून वजन केलं, तिने स्वतःच्या डोळ्यांनी काटा बघितला. पाटल्या घालून बघितल्या, एक चढली, दुसरी चढली नाही. ती रुमालात बांधून पर्समध्ये टाकली आणि म्हणाली, "चल, भूक लागलीय."

तीनपैकी दोन कार्डं आम्ही बंद करायला दिली. अर्ज केल्यावर सात कामकाजाच्या दिवसांत बँकेने कार्ड बंद करायचं, नाहीतर दिवसाला पाचशे रुपये दंड, असा नियम आहे. चौथ्या दिवशी एका बँकेतून फोन आला. आवाज अगदी गोड. "सर, तुम्ही आमचे इतके जुने कस्टमर. बंद कशाला करताय? आम्ही तुमचं लिमिट पाच लाख करून देतो."

मी फोन बायकोकडे दिला.