चौतीस इंची मॉनिटर

पुण्याची नोकरी न सोडता इंदूरला आई-बाबांजवळ राहता येईल असं ठरलं, आणि पहिली खरेदी मॉनिटरची निघाली. दोन साधे घेतले तर मधली पट्टी नेमकी नाकासमोर येते, म्हणून एकच रुंद, २१:९. ३४४० बाय १४४० म्हणजे सुमारे ५० लाख पिक्सेल. फोर-केचे ८३ लाख माझ्या जुन्या ग्राफिक्स कार्डाला गेममध्ये झेपले नसते. १५००आर म्हणजे दीड मीटर त्रिज्येचा बाक. एक्सेलच्या ओळी पहिले दोन दिवस वाकड्या वाटतात, मग कळतही नाही. रुंदी मात्र ८० सेंटीमीटर! आजोबांच्या टेबलावर जेमतेम मावला. काही जुने गेम कडेला काळ्या पट्ट्या सोडतात, सोडू देत. रात्री मोटारींची शर्यत लावली की बाबा खुर्ची ओढून बसतात. “वळव रे आता,” म्हणतात, आणि स्वतःच खुर्चीत डावीकडे झुकतात.