खेळाच्या तासाला शिकवायचं कुणाला?

चौबे कॉलनी, रायपूर

ती. ताईस,


तुमच्या शाळा व्यवस्थापन समितीत खेळाच्या तासावरून वाद चालला आहे, त्यावर माझं मत विचारलंस. मुलामुलींना एकाच वेळी मैदानात सोडलं की समानता आली, हे मला पटत नाही. पुष्कळ शाळांत या तासाला शिकवलं जातच नाही, नुसता चेंडू दिला जातो. मग ज्याला गल्लीत खेळायची मुभा होती तो मैदान व्यापतो आणि जिला ती नव्हती ती कडेला उभी राहते. आधीच येतं त्यांनाच फळ्यापाशी बोलावणाऱ्या गणिताच्या सरांना आपण चांगले शिक्षक म्हणत नाही. पीटीच्या सरांनाही तोच न्याय हवा. घरानं जे दिलं नाही ते शाळेनं शिकवायचं, मुलीला आणि मुलालाही.

‘मुलींना झेपत नाही’ हा समज शिकवण्याआधीच निकाल देतो. १९२८च्या अ‍ॅमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये बायका ८०० मीटर धावल्या. त्या कोसळल्याची अतिरंजित वर्णनं छापून आली आणि ही शर्यत थेट १९६० पर्यंत त्यांना बंद राहिली. स्टीपलचेस ही अडथळ्यांची शर्यत ऑलिंपिकमध्ये पुरुषांसाठी १९०० पासून होती, स्त्रियांसाठी २००८ मध्ये आली. पुढच्या आठच वर्षांत, खो-खोतून धावण्याकडे वळलेली साताऱ्याची ललिता बाबर रिओ ऑलिंपिकमध्ये याच शर्यतीच्या अंतिम फेरीत धावून दहावी आली. आमच्या छत्तीसगडचंच बघ. दुर्गची सबा अंजुम २००२च्या राष्ट्रकुल सुवर्णपदक विजेत्या हॉकी संघात होती, आणि हॉकी मुरलेल्या राजनांदगावची रेणुका यादव २०१६ मध्ये ऑलिंपिक खेळली. चेंडूफेकीत मुलगे पुढे असतात, हे खरं. पण ऑस्ट्रेलियातल्या आदिवासी मुलामुलींची फेक मोजली तेव्हा हे अंतर अमेरिकेतल्यापेक्षा बरंच कमी निघालं. म्हणजे त्या अंतरातला काही वाटा तरी सरावाचा असावा.

यावर कुणी म्हणेल, वयात आल्यावर शरीरं वेगळी होतात. होतात, म्हणून आठवीनंतर सामने वेगळे ठेवा. पण खो-खोत खांबावर वळणं, सूर मारणं, तोल सावरणं शिकवायला वेगळे तास कशाला? गुण द्यायचे तर मूल स्वतःच्या आधीच्या कामगिरीपुढे किती गेलं यावर द्या. पुरुष शिक्षकाकडे मुलगी सोपवण्याची पालकांची धास्तीही खोटी नाही. तिचं उत्तर मुलींना वर्गात बसवणं नव्हे, पीटीच्या मॅडम नेमणं हे आहे. शिक्षणहक्क कायद्यानुसार सहावी ते आठवीत शंभरावर मुलं असतील तर आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशक हवा. तिथे स्त्रीची निवड करायला कायदा आड येत नाही. मात्र त्या मॅडमनी मुलग्यांनाही शिकवावं, म्हणजे खेळातला अधिकार पुरुषाचाच, ही समजूत त्यांच्या मनात रुजणार नाही. हा अधिकार बायकांकडे आपोआप येत नाही: अमेरिकेत शिक्षणातल्या लिंगभेदाला मनाई करणाऱ्या १९७२च्या कायद्यानंतर महाविद्यालयांत मुलींचे संघ वाढले, पण त्या संघांच्या प्रशिक्षकांत नव्वद टक्क्यांवर असलेल्या बायका पुढे निम्म्याहून कमी झाल्या. ‘मुलीच यायला तयार नसतात’ असंही म्हणतील. स्वच्छ स्वच्छतागृह, धावता येईल असा गणवेश आणि पाळीच्या दिवसांत हलका व्यायाम निवडायची मोकळीक आधी द्या, मग त्यांची इच्छा विचारा.

तेव्हा समितीत एवढंच मांड: वर्षाच्या शेवटी प्रत्येक मुलामुलीला कोणती पाच कौशल्यं आली पाहिजेत, ते आज लिहून ठरवा आणि त्याचा जाब शाळेला विचारा.

तुझा,
धाकटा भाऊ