तंबू लागला का?

वाचकहो, आपल्या घरात विस्मरणाने ग्रासलेले कोणी वडीलधारे असेल, तर दिवेलागणीची वेळ किती अवघड असते हे आपणांस सांगायला नको. दिवसभर शांत बसलेले माणूस ऊन उतरले की बेचैन होते, येरझारा घालते, राहत्या घराची कडी काढून ‘घरी’ जायला निघते. आमच्या लोह्याच्या घरी माझे थोरले बंधू अण्णा आहेत, वय वर्षे ७८. त्यांचा संध्याकाळचा प्रश्न ठरलेला असतो : “तंबू लागला का?”

हा तंबू माळेगावचा. लोह्याहून लातूरच्या रस्त्याला लागले की माळेगाव येते. तिथे खंडोबाची यात्रा मार्गशीर्षाच्या अखेरीस भरते. घोड्यांचा नि गाढवांचा बाजार, तमाशाचे फड आणि त्यांच्या शेजारी टुरिंग टॉकीजचे तंबू. तरुणपणी अण्णांनी अशाच एका तंबूत चार हंगाम काढले. रिळे गुंडाळायची, तुटलेली फीत जोडायची, प्रोजेक्टरमधल्या कार्बनच्या कांड्या बदलायच्या. हजार फुटांचे रीळ अकरा मिनिटांत संपते, हे मला शाळेत नव्हे, अण्णांकडून कळले. पुढे ते मोंढ्यात आडतीच्या दुकानावर मुनीम झाले. मन मात्र तंबूतच राहिले.

त्या तंबूत आम्ही जे पाहिले त्याला कोणी अभिजात म्हणणार नाही. ‘चाँद पर चढाई’ हा १९६७चा चित्रपट आमच्यापर्यंत पोहोचला तेव्हा माणूस खरोखरच चंद्रावर जाऊन परत आला होता. तरीही दारासिंग तिथल्या मंडळींना लोळवू लागला की घोंगड्या पांघरून बसलेला अवघा तंबू शिट्ट्यांनी दणाणून जाई. मग आले रामसे बंधू. ‘दो गज जमीन के नीचे’ (१९७२) त्यांनी महाबळेश्वरला मुक्काम ठोकून, थोडक्या पैशांत उरकला. सात भाऊ, तुलसी आणि श्याम दिग्दर्शन करीत, गंगू कॅमेरा धरी, किरण ध्वनी सांभाळी, कुमार कथा लिही. बाहेरचा माणूस घ्यायला पैसे नव्हते म्हणून भावांनी कामे वाटून घेतली. या वाटून घेण्याकडे मी पुन्हा येणार आहे.

अण्णा भुताला भीत नसत. ते माझ्या कोपराला ढोसून म्हणत, “ते बघ, दोरी दिसायली.” वटवाघळाची दोरी, मुखवट्याची गळ्याशी सुटलेली कड, धूर सोडणाऱ्याची हललेली सावली, सारे त्यांना दिसे. ‘पुराना मंदिर’ (१९८४) मधला सामरी पाहून मी, एक मास्तर, पार गारठलो होतो. अण्णा मात्र सांगत होते, की हा धिप्पाड गडी चांगला शिकलेला इंजिनिअर आहे. ते खरेच होते. अजय अग्रवाल यांनी स्थापत्य अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले होते. दोरी दिसली म्हणून अण्णांचा आनंद कमी होत नसे, उलट वाढे. माझ्या मते चांगल्या चित्रपटापेक्षा अशा गरीब चित्रपटावर माणूस अधिक जीव लावतो, कारण त्यात त्याला मदतीचा हात द्यावासा वाटतो.

आता लाजिरवाणी गोष्ट सांगतो. अण्णांचे विस्मरण सुरू झाल्यावर तीन वर्षे सारा भार त्यांच्या सुनेने एकटीने वाहिला. मी त्याच गल्लीत राहतो. रोज येई, विचारपूस करी, चहा घेई आणि सल्ला देऊन परत जाई. एका संध्याकाळी ती ओट्याशी उभ्या उभ्या रडताना दिसली. म्हणाली, “काका, सहा वाजले की माझ्याच छातीत धडधडायला लागतंय.” आत अण्णा विचारत होते, “तंबू लागला का?” आणि पुतण्या शंभराव्यांदा सांगत होता, “अण्णा, आता कुठला तंबू? तंबू बंद झालेत.” त्यासरशी अण्णांचा संताप चढत होता.

त्या दिवशी मी प्रथमच म्हणालो, “लागलाय अण्णा, चला.” नातवाने टीव्हीवर ‘पुराना मंदिर’ लावून दिला. अण्णा टेकून बसले. सामरी आला तेव्हा सून धास्तावून दारात उभी. अण्णांनी माझ्या कोपराला ढोसले : “भ्यायलास का रे?” त्यांना माझे नाव त्या महिन्यात आठवत नव्हते.

नांदेडच्या डॉक्टरांना मी हे विचारले. ते म्हणाले, ताज्या आठवणी आधी जातात, तरुणपणच्या उशिरा. म्हणून हे जमते. पण त्यांनी बजावलेही. भीतीने नाडी आणि रक्तदाब वाढतो, म्हणून हृदयविकार असेल तर आधी विचारून घ्यावे. आणि विस्मरणाच्या रुग्णाला पडद्यावरचे खरे वाटू शकते, म्हणून भयानक दृश्ये शक्यतो टाळलेलीच बरी. मी मान हलवली आणि मनात म्हणालो, आमच्या अण्णांना दोरी दिसते.

महिन्याभराने ‘वीराना’ लावला. त्या दिवशी उशीर झाला होता, दिवा मालवला होता, आवाजही मोठा होता. चेटकीण दिसताच अण्णा उठले आणि कोपऱ्यातल्या कपाटाच्या आरशात स्वतःला पाहून ओरडले. “कोण हाय तिथं?” रात्रभर ते झोपले नाहीत, सूनही नाही. त्यांना दोरी दिसली नव्हती, आणि मी पडद्याकडे पाहत होतो, त्यांच्याकडे नाही.

त्यानंतर आमचा ‘खेळ’ साडेपाचला सुरू होतो आणि साडेसातला संपतो. खोलीतले दिवे लागलेले, आरशावर चादर, आवाज बेताचा. नवे भयपट नाहीतच. त्यांतले भूत इतके हुबेहूब असते की त्याची दोरी मलाही सापडत नाही. बातम्याही बंद केल्या. खरे सांगायचे तर अण्णा सामरीपेक्षा बातम्यांतल्या आरडाओरड्यालाच अधिक बिचकत. मी आता त्यांच्या चेहऱ्याकडे तोंड करून तिरपा बसतो. भुवया आवळल्या, बोटांनी धोतराचा काठ चुरगाळला, की लगेच थांबवायचे आणि चहा मागवायचा. आपल्या घरी हे चालेलच असे मी म्हणणार नाही. ज्यांना मुळातच असले चित्रपट आवडत नव्हते, त्यांच्यापुढे ते कदापि लावू नयेत.

त्या दोन तासांत सून घराबाहेर पडते. कधी मैत्रिणीकडे जाते, कधी नुसती झोपते. सोमवारी माझी पाळी नसते, नातवाची असते. गुरुवारी पुतण्या दुकान लवकर बंद करून येतो. सात भाऊ नाहीत आम्ही, तिघेच आहोत.

मार्गशीर्ष जवळ आला आहे. अण्णांना यंदा माळेगावला न्यावे का, यावर घरात वाद आहे. गर्दी आणि भोंगे त्यांना सोसणार नाहीत असे पुतण्याचे म्हणणे, आणि ते बरोबर आहे. दुपारी गाडीतून घोड्यांचा बाजार तेवढा दाखवून परत यावे, असे मी सुचवले आहे. सून म्हणते, बघू. आज ‘दरवाजा’ लावायचा आहे, १९७८चा. त्याचा पहिला अर्धा तास मी काल एकट्याने पाहून ठेवला. साडेपाच वाजत आले, आरशावर चादर टाकायची राहिली आहे.