शिष्यवृत्तीचा फॉर्म आणि आमची चूक



पोळ्याच्या दिवशी आपल्या शाळेतील लहान मुले मातीचे बैल घेऊन येतात. बमरोलीत सगळीकडे संच्यांचा खडखडाट. खरा बैल इथे क्वचितच दिसतो. तरी आपल्यापैकी अनेकांच्या घराचे एक टोक खानदेशात आहे आणि तिथे काकाच्या नाहीतर मामाच्या दारात गाय-बैल बांधलेले आहेत. यंदा ते मातीचे बैल पाहताना एका माजी विद्यार्थिनीची आठवण झाली. तिच्या बाबतीत आमच्या हातून झालेली चूक या अंकात सांगून टाकावी असे आम्ही ठरवले.

मुलगी अभ्यासू, वडील संचा खात्यात कामाला. 2022 साली आधी कच्छ-सौराष्ट्रात लम्पी रोगाने हजारो गुरे दगावली आणि ऑगस्टमध्ये तो जळगाव जिल्ह्यातील रावेर तालुक्यात पोहोचला. माश्या, डास, गोचीड यांच्यामुळे पसरणारा हा रोग माणसाला होत नाही, पण शेतकऱ्याचे घर बसवतो. मुलगी पोळ्याला गावी गेली तेव्हा काकांचा बैल त्यात गेला होता. शेळ्यांच्या देवीवरची लस घेऊन गोठ्यागोठ्यात फिरणारे पशुवैद्यक तिने तिथे पाहिले. परत आल्यावर म्हणाली, "सर, मला हेच व्हायचे आहे."

वडिलांना ते पटले नाही. "पोरीनं ढोरांचा डॉक्टर होऊन काय करायचं?" असे त्यांनी आम्हाला विचारले. खरे तर हे काम हलके नाही. बुळकांडीने एके काळी गावेच्या गावे बैलांवाचून ओस पाडली. 2011 मध्ये ती जगातून नाहीशी झाल्याचे जाहीर झाले. माणसांतल्या देवीनंतर समूळ नष्ट झालेला हा दुसराच रोग. हे आम्ही त्यांना तेव्हा सांगायला हवे होते. आम्ही नुसती मान हलवली.

2024 मध्ये ती बारावी विज्ञान पास झाली आणि निकालपत्रक घेऊन आमच्याकडे आली. घरची ओढाताण होती, म्हणून शिष्यवृत्तीचे विचारत होती. "80 लागतात" एवढे आमच्या कानावर होते. आम्ही निकालपत्रक पाहिले आणि म्हणालो, "बेटा, तुला 72 टक्के आहेत. नाही बसणार." "बरं सर," म्हणून ती निघून गेली आणि तिने बी.एस्सी.ला नाव घातले.

काही महिन्यांनी दुसऱ्या एका पालकांसाठी आम्ही नियम नीट वाचले. मुख्यमंत्री युवा स्वावलंबन योजनेला 80 टक्के नव्हे, 80 पर्सेंटाइल लागतात. म्हणजे त्या परीक्षेला बसलेल्या शंभरातल्या ऐंशी जणांच्या पुढे असणे. तिच्या निकालपत्रकात टक्क्यांबरोबर पर्सेंटाइल रँकही छापलेला होता आणि तो 80 च्या वर होता. आम्ही तो पाहिलाच नव्हता. तिच्या घरी गेलो, पण वर्ष निघून गेले होते. "सर, तुम्ही मनाला लावून घेऊ नका," ती म्हणाली. त्याने मन अधिकच जड झाले.

आमचे पदवीचे शिक्षण हिंदी माध्यमात झाले. हिंदीत याला 'छात्रवृत्ति' म्हणतात, आपण 'शिष्यवृत्ती' म्हणतो. शिष्य म्हटला की गुरूची जबाबदारी आलीच. म्हणून आता काही गोष्टी स्पष्ट सांगतो.

पशुवैद्यकाचा पदवी अभ्यासक्रम साडेपाच वर्षांचा असून त्यातील शेवटचे एक वर्ष प्रत्यक्ष कामाचे असते. त्यासाठी बारावी विज्ञानात जीवशास्त्र हवे. या शिक्षणाचे महाविद्यालय जवळच नवसारीला आहे. देशभरातल्या 15 टक्के जागा नीटच्या गुणांवर भरतात. राज्याच्या जागांचे नियम दरवर्षी पाहून घ्यावेत. वर सांगितलेल्या योजनेत कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 6 लाखांपर्यंत चालते. केंद्र सरकारच्या महाविद्यालयीन शिष्यवृत्तीलाही अट 80 पर्सेंटाइलचीच आहे. तिथे उत्पन्नाची मर्यादा साडेचार लाख आहे. पुढे पदव्युत्तर शिक्षणाला भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची शिष्यवृत्ती असते. आवकीचा दाखला, बँकेचे खाते आणि सर्व कागदांवर एकसारखे नाव, एवढी तयारी दहावीतच करून ठेवावी.

शिष्यवृत्ती म्हणजे दान, असे कोणी समजू नये. डॉ. वर्गीस कुरियन भारत सरकारच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेत मिशिगनला शिकले. त्या कराराची फेड म्हणून 1949 मध्ये त्यांना आणंदला पाठवले गेले. मनाविरुद्ध आलेला तो तरुण आणंदचाच होऊन राहिला आणि त्यातून काय उभे राहिले ते सगळ्या देशाने पाहिले. सकाळी आपल्या दारात येणारी सुमूलची पिशवी त्याच सहकाराच्या वाटेवरची आहे.

विश्वस्त मंडळाला एक विनंती. फी आधी भरावी लागते आणि शिष्यवृत्तीचा पैसा मागाहून खात्यात येतो. संच्यावर राबणाऱ्या बापाची हिंमत इथेच खचते. शाळेने एक छोटा निधी ठेवावा. पहिल्या सत्राची फी आणि वसतिगृहाचा खर्च त्यातून उसना द्यावा आणि शिष्यवृत्ती जमा झाली की मुलाने तो परत करावा. म्हणजे तोच पैसा पुढच्याच्या कामी येईल. या निधीत पहिली रक्कम आम्ही आमच्या पगारातून घालत आहोत.

पालकांनो, पुढच्या निकालाच्या दिवशी निकालपत्रक घेऊन शाळेत या. आम्ही ते दोनदा वाचू. टक्केही वाचू आणि पर्सेंटाइलही.