मुळशीचं पाणी आणि सासूबाईंची ओटी

माझं माहेर पेण आणि सासर रोहे. लग्न होऊन इकडे आले तेव्हा पहिलं आश्चर्य वाटलं ते कुंडलिका नदीचं. भर मे महिन्यात नदीला पाणी! माझ्या माहेरी हेटवण्याचं एवढं मोठं धरण, त्याचं पाणी जातं नवी मुंबईला, आणि खारेपाटातल्या बायका उन्हाळ्यात टँकरकडे डोळे लावून बसतात. तेच बघत मोठी झाले. म्हणून मी सासूबाईंना विचारलं, "आई, ह्या नदीला उन्हाळा लागत नाही का?"

त्या वालाच्या शेंगा सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "ते आपलं पाणी नाही. वरचं आहे. माझ्या आजीच्या माहेरावरून येतं."

वर म्हणजे सह्याद्रीच्या माथ्यावर, मुळशीला. तिथली मुळा नदी खरी पूर्वेकडे जाणारी, भीमा आणि कृष्णेतून बंगालच्या उपसागराला मिळणारी. टाटांच्या वीज कंपनीने ती धरण बांधून अडवली आणि तिचं पाणी डोंगरातून पश्चिमेला वळवून सुमारे ५०० मीटर खाली भिऱ्याच्या वीजघरात सोडलं. हे वीजघर १९२७ साली सुरू झालं. मुंबईला वीज मिळाली आणि चक्रं फिरवून झालेलं पाणी आमच्या कुंडलिकेत आलं. पण धरणाखाली मुळशी पेट्यातली गावं आणि भाताची खाचरं जाणार होती. त्याविरुद्ध १९२१ च्या रामनवमीला सत्याग्रह सुरू झाला. पां. म. बापटांना 'सेनापती' हे नाव मिळालं ते तिथेच. बायकाही त्यात मागे नव्हत्या. १९२४ पर्यंत लढा चालला आणि शेवटी गावं पाण्याखाली गेली. सासूबाईंची आजी तेव्हा लहान पोर होती.

तर गेल्या जानेवारीत आम्ही त्या तलावाला पायी प्रदक्षिणा घालायची ठरवली. आम्ही म्हणजे मी, माझ्याच शाळेत शिकवणारी एक मैत्रीण, आणि पासष्टी ओलांडलेल्या सासूबाई. मुलं ह्यांच्यावर सोपवली. दोन दिवसांपुरता वरणभात त्यांना येतो, आणि नाही आला तर येईल, असं म्हणून निघाले. तांदळाच्या भाकऱ्या, तिळाची चटणी आणि गूळ-शेंगदाणे बांधून घेतले. सासूबाईंच्या पिशवीत काय होतं ते त्यांनी सांगितलं नाही.

कोलाड, सुतारवाडी, विळे आणि मग ताम्हिणी घाट. ओळखीच्या जीपवाल्याने आम्हाला वर पळशाच्या बाजूला सोडलं. तलाव पहिल्यांदा दिसला तेव्हा मैत्रीण "अगबाई!" एवढंच म्हणाली. निळंशार पाणी, त्यात शिरलेले डोंगरांचे पाय, आणि पाण्याचे फाटे तर इतके की आपण काठाने तासभर चालावं आणि समोरच्या काठाला मघाशी उभं होतो तीच जागा दिसावी.

प्रदक्षिणेचं आमचं स्वप्न मात्र दुपारपर्यंतच टिकलं. एक तर ह्या फाट्यांमुळे सबंध फेरी दोन दिवसांत होणारच नाही, आणि दुसरं म्हणजे काठाची वाट सलग नाही. मध्येच कुणाच्या बंगल्याचं कुंपण येतं, कुठे हॉटेलची भिंत. एका तारेपाशी रखवालदाराने आम्हाला हटकलं, "कुठे निघालात? हे खाजगी आहे." सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "आजीच्या माहेरी." त्याला काही कळलं नाही. आम्ही मुकाट्याने डांबरी रस्त्यावर आलो. मला राग आला होता. त्यांना आला की नाही ते कळलं नाही.

निव्याकडे जाताना एका ठिकाणी काठापर्यंत उतरता आलं. तिथे त्यांनी पिशवी उघडली. आत खण, नारळ, तांदूळ, हळदीकुंकू. आजी जन्मभर म्हणायची म्हणे, सगळ्यांना माहेरची ओटी मिळते, माझं माहेर मासे खाताहेत. गाव नेमकं कुठल्या पाण्याखाली ते सासूबाईंनाही ठाऊक नव्हतं. पाण्याला हळदकुंकू वाहून त्या नुसत्या बसून राहिल्या. मी नारळ पाण्यात सोडायला घेतला तर म्हणाल्या, "नको गं, खाली चक्रात अडकायचा." आणि हसल्या. मग पदराने डोळे टिपले.

ती ओटी त्यांनी त्याच रात्री भरली. पिंपरीकडे ज्या घरी आम्ही मुक्कामाला होतो, त्या घरच्या सुनेची. ती बिचारी संकोचली. "आजी, ओळख ना पाळख..." सासूबाई म्हणाल्या, "ह्या पाण्यावर माझं उन्हाळी भात पिकतं. घे." डोलवहालच्या बंधाऱ्यावरून निघालेल्या कालव्याचं पाणी आमच्या शेताला येतं. पंधरा वर्षं त्या घरात राहून मी ह्या दोन गोष्टी कधी जोडल्याच नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंच्या गुडघ्यांनी 'नाही' म्हटलं, म्हणून त्या जीपने भिऱ्याला गेल्या आणि आम्ही दोघी वाटाड्या घेऊन अंधारबनातून खाली उतरलो. पिंपरीपासून भिऱ्यापर्यंत साधारण तेरा किलोमीटर. सुरुवातीच्या रानात सकाळी नऊलाही संध्याकाळ वाटते, म्हणून तर नाव अंधारबन. एका बाजूला कुंडलिकेची खोल दरी. मध्ये हिर्डीची वाडी लागते, तिथल्या देवळापाशी आम्ही भाकरी सोडली. पुढचा उतार कठीण आहे. मैत्रीण दोनदा बसली, मी एकदा घसरले आणि कोपर सोलून घेतलं.

जायचं असेल तर चार गोष्टी सांगते. पायात खाच असलेले बूट हवेत, चपला नकोत. साडीपेक्षा सलवार-कमीज बरी. पाणी माणशी तीन बाटल्या. पावसात जळवा लागतात आणि जोराच्या पावसात वाट बंदही ठेवतात, तेव्हा आधी चौकशी करा. आणि उन्हाळ्यात तर जाऊच नका. मार्च २०१७ मध्ये भिऱ्याला ४६.५ अंश तापमान नोंदलं होतं!

खाली पोचायला चार वाजले. सासूबाई पाण्याकडे तोंड करून पायरीवर बसल्या होत्या. मी जवळ जाताच म्हणाल्या, "काल वर बघितलं ते पाणी आपल्या आधी आलं बघ."

घरी आलो तर ह्यांनी अंगणात पोपटी लावली होती. मडक्यातून भांबुर्ड्याचा वास येत होता. शेंगा, अर्थात, आमच्याच शेतातल्या.