हातांना ऋतूचं काम

अळीव पेरायला माती उकरावी लागत नाही. बी भिजलं की त्याच्याभोवती बुळबुळीत, चिकट थर धरतो आणि ते उभ्या कड्यालाही घट्ट धरून राहतं. पाण्याचा शिपका हलका असला, तर तीन-चार दिवसांत हिरवी लव दिसू लागते आणि आठवड्याभरात डोंगर हिरवागार होतो. मोहरीचे गोल दाणे मात्र उतारावर पाण्याबरोबर ओघळतात आणि पायथ्याशी गोळा होतात. महाराष्ट्रातल्या कितीतरी मुलांना वनस्पतिशास्त्राचा हा धडा पुस्तकाच्या आधी कळतो, कारण त्यांना दिवाळीच्या किल्ल्यावर जंगल हवं असतं. वसुबारसेला हिरवळ हवी, तर पेरणी आठवडाभर आधी व्हायला हवी. पेरणीच्या आधी डोंगर उभा हवा. डोंगराच्या आधी माती, दगड आणि पोती जमलेली हवीत. दिवसांचं असं उलटं गणित दहा वर्षांचं मूल कुणी न शिकवता मांडतं.

एखाद्या मोसमात, ठरावीक दिवसांसाठी, हातांनी काहीतरी नवं करून पाहायचं ही कल्पना आज जगभर लोकप्रिय आहे. अमेरिकन चित्रकार जेक पार्कर यांनी २००९ साली ऑक्टोबरचे ३१ दिवस रोज एक शाईचं चित्र काढायचं ठरवलं, आणि त्यातून ‘इंकटोबर’ उभं राहिलं. त्याच्या दहा वर्षं आधी, १९९९ मध्ये, सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात ख्रिस बाटी आणि त्यांच्या मित्रमंडळींनी मिळून, एकूण २१ जणांनी, महिन्याभरात कादंबरी लिहायला घेतली. पुढे ते दर नोव्हेंबरात ५०,००० शब्द लिहिण्याचं आव्हान झालं. सारा ग्रुएन यांच्या ‘वॉटर फॉर एलिफंट्स’ या गाजलेल्या कादंबरीचा खर्डा याच उपक्रमात झाला. या दोन्ही उपक्रमांचं बळ एकच आहे. मुदत आधीच ठरलेली असते, आणि ती एकट्यादुकट्याची नसते.

मराठी घरांना यात नवं वाटण्याचं कारण नाही. आषाढी एकादशीला चातुर्मास लागला की नेम धरायचा आणि कार्तिकी एकादशीला तो पुरा करायचा, ही जुनी रीत. कुणी मौनाने जेवतं, कुणी पोथी वाचून काढतं, कुणी वहीत नाम लिहितं. त्यातला लाख वातींचा नेम तर निखळ हस्तकलेचा. चार महिन्यांचे साधारण १२० दिवस धरले, तर रोज आठशेहून अधिक वाती वळाव्या लागतात. सरकी काढायची, कापूस पिंजायचा, बोटांना किंचित दूध किंवा राख लावायची आणि वळत राहायचं. २०२३ सारखा अधिक श्रावण आला की चातुर्मास पाच महिन्यांचा होतो आणि तेवढी सवड मिळते. एवढं काम एकटीच्या बोटांनी उरकत नाही. मग शेजारणी येऊन बसतात, गप्पा होतात, आणि हात चालत राहतात. या नेमांमधलं बरंच ओझं बायकांवर पडत आलं, उपासही त्यांचे आणि सोवळंही त्यांचं, हे विसरून चालणार नाही. ती वाटणी परत आणण्यासारखी मुळीच नाही. पण आज काय करायचं हा प्रश्न रोज नव्याने सोडवावा लागत नव्हता. ऋतू आला की काम हातात येत होतं. एवढी एक गोष्ट मात्र सोडून देऊ नये.

आजच्या घरांत नेमकी हीच गोष्ट हरवलेली दिसते. फोन कमी वापरायचा, असं ठरवणारी माणसं पुष्कळ आहेत आणि त्यांचा निश्चय खोटा नसतो. फोन खाली ठेवला जातो, पाच मिनिटं जातात, हात रिकामे राहतात, आणि ते पुन्हा फोनकडे वळतात.

सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे, साधारण ३,००० वस्तीचं. कोविडच्या काळात शाळा फोनवर आली, शाळा परत सुरू झाली तरी मुलं फोन सोडेनात, म्हणून गावाने मिळून एक मार्ग काढला. ऑगस्ट २०२२ पासून तिथे संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजतो. दीड तास टीव्ही बंद, मोबाइल बंद. साडेआठला पुन्हा भोंगा. त्या वेळात मुलं अभ्यासाला, वाचनाला बसतात. मोठी माणसं एकमेकांशी बोलतात. सुरुवातीला घरोघर फिरून समजवावं लागलं. या प्रयोगाची देशभर चर्चा झाली ती भोंग्यामुळे. पण त्याचं मर्म भोंग्यात नाही. सगळं गाव एकाच वेळी थांबतं, म्हणून कुणालाच आपण काहीतरी गमावतो आहोत असं वाटत नाही. आणि थांबल्यावर काय करायचं हेही ठरलेलं असतं.

शहरातल्या सोसायटीत भोंगा वाजवता येणार नाही. दसरा आणि दिवाळी मात्र तिथेही येतात, आणि त्या दोहोंमध्ये वीस दिवस असतात.

त्या वीस दिवसांत किल्ला कसा उभा राहतो, हे जरा जवळून पाहण्यासारखं आहे. पहिला वाद कुठला किल्ला करायचा यावर. राजगड म्हटला तर मध्ये उंच बालेकिल्ला आणि तीन दिशांना पसरलेल्या पद्मावती, सुवेळा, संजीवनी या तीन माच्या. म्हणजे जागा ऐसपैस हवी. त्यात संजीवनीची तटबंदी दुहेरी. दोन भिंतींमधली अरुंद वाट मातीत उतरवताना आतली भिंत थापली की बाहेरची ढासळते, आणि खरा तट बांधणाऱ्यांनी हे कसं जमवलं असेल, हा प्रश्न मुलांना तिथे पहिल्यांदा पडतो. रायगड करायचा तर महादरवाजा दोन बुरुजांच्या आड असा लपवावा लागतो की समोरून येणाऱ्याला तो दिसू नये. सिंधुदुर्ग घेतला की चहूबाजूंनी समुद्र आला. खाली प्लास्टिकचा कागद, त्यावर पाणी, आणि सकाळपर्यंत ते कुठून तरी झिरपून गेलेलं. गळती शोधण्यात एक अख्खा दिवस जातो. तोही कामाचाच दिवस असतो.

मग माती. खाली दगड, विटा, खोकी रचायची आणि वरून गोणपाट चिखलात बुचकळून पांघरायचं. तागाचे धागे चिखल धरून ठेवतात, पोत्याच्या घड्यांना आपोआप कड्यांचा आकार येतो आणि वाळताना भेगाही कमी पडतात. वरच्या थराला चाळलेली लाल माती. चिखल फार पातळ झाला तर सगळा उतार घसरून खाली येतो, घट्ट राहिला तर वाळल्यावर पापुद्रे सुटतात. नेमका किती पातळ हवा हे कुठल्या चित्रफितीतून कळत नाही, ते तळहाताला कळतं, तेही एकदा उतार घसरल्यावर. फोनवर किल्ल्याचा नकाशा पाहता येतो आणि तो जरूर पाहावा. बाकी चिखलाने भरलेल्या बोटांनी फोन हाताळताच येत नाही, हा या कामाचा मोठाच गुण. परतीचा पाऊस लांबला की एका रात्रीत अर्धा गड वाहून जातो. ताडपत्री शोधायला मुलं पावसात धावतात आणि सकाळी पुन्हा माती कालवायला बसतात.

शेवटी माथ्यावर सिंहासनाधिष्ठित महाराज, बुरुजांवर मावळे, दारात तोफा, पायथ्याला गवळण, भाजीवाली, विहीर. मावळा महादरवाजापेक्षा उंच होतो. त्याची घाईने दुरुस्ती करू नये. आपण बांधलेल्या दारातून आपलाच मावळा आत जात नाही हे ज्या मुलाच्या लक्षात येतं, ते पुढच्या वर्षी दार मोजून करतं. बाजारात तयार किल्लेही मिळतात, प्लास्टरचे, रंगवलेले, कडे अगदी रेखीव. ज्यांच्याकडे जागाच नाही त्यांची अडचण खरी आहे. पण तयार किल्ला आणून ठेवला की दिवाळीत सजावटीची एक वस्तू वाढते, आणि वीस दिवस मात्र तसेच रिकामे राहतात.

किल्ले हे बराच काळ मुलांचं काम मानलं गेलं आणि मुलींच्या वाट्याला नवरात्रातला भोंडला आला. पाटावरचा हत्ती, फेर, खिरापत ओळखण्याची धमाल. आता मुली चिखलात तितक्याच आवडीने उतरतात, आणि हा बदल मनापासून आनंद देणारा आहे. मुलांनीही हत्तीभोवती फेर धरायला आणि गाणी पाठ करायला काय हरकत आहे?

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठा लष्करी भूप्रदेश या नावाने १२ किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत स्थान दिलं. त्यातले अकरा महाराष्ट्रात आहेत, साल्हेरपासून सिंधुदुर्गापर्यंत, आणि बारावा तमिळनाडूतला जिंजी, जिथून राजाराम महाराजांनी पडत्या काळात राज्याचा कारभार चालवला. दरवर्षी राजगड-रायगड करणाऱ्या मुलांसाठी जिंजी हे उत्तम आव्हान ठरेल. तिथे एक डोंगर नाही. तीन टेकड्या आणि त्यांना कवेत घेणारी तटबंदी. लांबवर पसरलेला तट मातीत कसा धरून ठेवायचा, हे कुणालाच आधीपासून ठाऊक नसणार, आणि मोठ्यांनाही मुलांच्या बरोबरीने डोकं खाजवावं लागेल.

दिवाळीच्या या दिवसांत गोव्यात वेगळीच लगबग असते. तिथे मुलं आणि तरुण नरकासुर उभा करतात. बांबूचा आणि लाकडाचा सांगाडा, त्यात भरलेलं गवत, जुने कपडे, वर कागदाचे थर आणि भयंकर मुखवटा. कित्येक दिवस खपून केलेला हा राक्षस नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री मिरवतो आणि पहाटे जाळला जातो. मातीचा किल्लाही दिवाळी सरल्यावर मोडायचाच असतो. टिकवून ठेवायचं नाही, विकायचं नाही, कुणाला भेट द्यायचं नाही, म्हणून करणाऱ्याच्या मनावर दडपण नसतं. नवखी माणसं नव्या कामाला भितात ती बहुतेक वेळा निकालाच्या धाकाने. इथे निकालाचं काय होणार हे पहिल्या दिवसापासून माहीत असतं.

मोठ्यांनीही ऋतूच्या मुदतीवर काम केल्याची परंपरा मराठीत आहे. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, आणि तेव्हापासून पिढ्यानपिढ्या लेखक, कवी, चित्रकार, व्यंगचित्रकार दिवाळीचा मोसम धरून लिहीत-रेखाटत आले. संपादकाचं पत्र आलं नसतं, तारीख डोक्यावर नसती, तर यातलं किती लिहून झालं असतं?

वाचकांसाठी असं पत्र कुणी धाडत नाही. नोकरी करणारी माणसं नवं काही शिकायचं म्हणतात तेव्हा आधी वर्ग शोधतात, मग साहित्याची यादी करतात, मग सोयीचा वार, आणि तेवढ्यात मोसम निघून जातो. त्यांच्यासाठी दसरा ते दिवाळी हा काळ फार सोयीचा आहे, कारण सण कुणासाठी पुढे ढकलला जात नाही. आकाशकंदील घरी करायचा तर बांबूच्या कामट्या, दोरा, पतंगाचा कागद आणि मैद्याची खळ एवढंच लागतं. कामट्या तासून चौकोन बांधायचे, चौकोनांचा सांगाडा करायचा, कागद ताणून चिकटवायचा, कागदाच्या करंज्या कापायच्या, खाली झिरमिळ्या सोडायच्या. पहिला सांगाडा बहुधा तिरका होतो. दोऱ्याची गाठ कुठे सैल पडली हे शोधताना संध्याकाळ कशी गेली ते कळत नाही, आणि फोन दुसऱ्या खोलीत आहे हे रात्री जेवताना लक्षात येतं.

सोसायट्यांकडून यासाठी फार काही नको. सहा बाय चार फुटांचा एक कोपरा, जवळ पाण्याचा नळ, दोन-चार पोती माती, आणि तुळशीच्या लग्नापर्यंत तो कोपरा कुणी हलवणार नाही अशी सूचना फलकावर, तीही दसऱ्याच्या आधी. परगावाहून राहायला आलेल्या, मराठी न बोलणाऱ्या घरांतली मुलं या कोपऱ्यात सगळ्यांत आधी येतात. चिखल कालवायला भाषा आडवी येत नाही. किल्ले पाहायला येणाऱ्यांनी मात्र थोडा वेळ काढून यावं. घाईने फोटो काढून पुढच्या चौकात निघण्यापेक्षा मुलांना विचारावं, दरवाजा इकडेच का केला, गडावर पाणी कुठून येतं, शत्रू कुठल्या बाजूने चढला तर दिसेल. मुलं हातातलं काम टाकून पुढे येतात, काठीने एकेक बुरुज दाखवतात आणि सगळा इतिहास न अडखळता सांगतात.