गोधडी सातासमुद्रापार

जपानच्या उत्तरेला हिरोसाकी नावाचे गाव आहे. सफरचंदांसाठी प्रसिद्ध. अठराव्या शतकात तिथल्या राजवटीने शेतकऱ्यांना सुती कपडा अंगावर घालायला बंदी केली होती. हाडे गोठवणारी थंडी, आणि अंगावर तागासारखे विरळ कापड! मग बायांनी त्या निळ्या कापडाची भोके पांढऱ्या दोऱ्याने टाके घालून भरून काढली. त्या टाक्यांना ‘कोगिन’ म्हणतात. आज जगभरच्या बाया पैसे भरून ते शिकायला जातात.

कोणी काय नेसावे हे दुसऱ्याने ठरवायचे, ही गोष्ट आपल्याला नवी नाही. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी आपल्या आयाबायांना लुगडे नेसण्याची जुनी पद्धत आणि कथलाचे दागिने टाकायला का सांगितले, हे या पानाच्या वाचकांना सांगायला नको.

मी नाशिकच्या एका शाळेत चित्रकला शिकवते. दोन वर्षे भिशी लावून २०२३ साली मी हिरोसाकीच्या दहा दिवसांच्या शिवण आणि रेखाटन शिबिराला गेले. शेजारणी म्हणाल्या, ‘बाई, एवढ्यात वरची खोली झाली असती.’ झाली असती, खरे आहे.

शिबिराला घरचे एक जुने कापड न्यायचे होते. मी आजीची गोधडी काढली, तशी आई बिथरली. आईने सिन्नरला आयुष्यभर विड्या वळल्या. तिचे बोलणे रोखठोक. ‘येवल्याची पैठणी ने कुणाची तरी मागून. ह्या चिंध्या काय दाखवतेस?’ मग आवाज खाली आणून म्हणाली, ‘कापड कुणाचं म्हणून विचारलं तर काय सांगशील?’

गावकीत मढ्यावरचे कापड महारवाड्यात यायचे. आजीने धर्मांतरानंतर ते घराच्या उंबऱ्याआत येऊ दिले नाही. पण आधीचे दोन तुकडे गोधडीच्या पोटात आहेत, हे आईला ठाऊक होते.

जाण्याआधी सरावाला मी चार रविवार पांडवलेण्यांत वही घेऊन बसले. दहाव्या लेण्यात उषवदाताचा शिलालेख आहे. हा क्षत्रप नहपानाचा जावई. त्याने भिक्खूसंघासाठी ३००० कार्षापण गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे ठेवले. त्यातल्या २००० वर दरमहा शेकडा १ व्याज, म्हणजे वर्षाला २४०. वर्षावासाला राहणाऱ्या २० भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी १२. मी तिथेच वहीच्या कडेला हिशोब मांडून पाहिला, बरोबर जुळला! राजाचा जावई विणकरांकडे विश्वासाने ठेव ठेवतो, आणि त्यांच्या व्याजावर संघाचे वस्त्र होते.

हिरोसाकीत सकाळी भातखाचरे रेखाटायला बसवत. बांध, चौकोन, पुन्हा बांध. विनयपिटकात आहे, भगवंतांनी मगधातली अशीच शेते पाहून आनंदाला विचारले की असे चीवर करता येईल का, आणि आनंदाने तुकडे जोडून ते केले. मी हे दुभाषिणीमार्फत सांगितले, तेव्हा शेजारची जपानी बाई म्हणाली की त्यांच्या भिक्खूंचे वस्त्रही असेच तुकड्यांचे असते.

सातव्या दिवशी माझी पाळी आली. गोधडी टेबलावर पसरली. रंगांचे कौतुक झाले, टाके मोजून झाले. एका मुलीने सहज विचारले, कापड कुठून आणता? मी सगळे सांगितले. मढ्याचे, गावकीचे, आजीने उंबऱ्यावर अडवल्याचेही. दुभाषीण मध्येच थांबली, तिने मला पुन्हा विचारून खात्री केली. कोणी काही बोलले नाही. मग शिकवणाऱ्या म्हाताऱ्या बाई म्हणाल्या, ‘आमच्याकडे ठिगळांच्या कपड्यांना बोरो म्हणतात. पाहुणा आला की माझी आई ते कपाटात कोंबायची. आता ते काचेच्या पेटीत असतात, पण आईचं नाव पेटीवर नाही.’

त्या संध्याकाळी मी गोधडीच्या मागच्या बाजूला, कोपऱ्यात, आजीचे नाव लाल दोऱ्याने शिवले.

आईला आल्यावर सारे सांगितले. दोन दिवस ती त्यावर बोलली नाही. तिसऱ्या दिवशी गोधडी उन्हात टाकताना तिला ते नाव दिसले. तिला वाचता येत नाही. मला म्हणाली, ‘हे काय लिहिलंय?’ मी वाचून दाखवले. तिने बोटाने अक्षरे चाचपली. ‘टाका सैल पडलाय,’ म्हणाली आणि सुई मागितली.

आता शाळेत मी मुलींना घरची गोधडी आणायला सांगते आणि तिच्यावरून रेखाटन करून घेते. आतापर्यंत अकराजणींनी आणली. एकीची आई म्हणते, विचार करून सांगते.